नावे तीच राहतात तेव्हा

काशीस बदली होऊन आल्यापासून कचेरी सुटल्यावर घटकाभर घाटावर बसण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. अहिल्याबाई घाटाच्या दक्षिणेस मुन्शी घाट आहे, आणि त्याला लागूनच दरभंगा घाट. अहिल्याबाई प्रत्यक्ष राज्यकर्त्या होत्या. दरभंग्याचे महाराज पदवीने महाराज, वस्तुतः जमीनदार. या दोहोंमधील पायऱ्या मात्र एका लेखणीच्या माणसाच्या नावाने ओळखल्या जातात. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर मुन्शी यांनी हा घाट १८१२ मध्ये बांधविला. पुढे १९१५ मध्ये दरभंगेकरांनी त्याचा काही भाग विकत घेतला आणि एकाच बांधकामाला दोन नावे पडली. आपल्याच पेशाच्या माणसाचा घाट म्हणून आम्हांला त्याविषयी आपलेपणा वाटे. परंतु १८१२ हा आकडा मनात घोळू लागला, तसा त्या आपलेपणात एक प्रश्न मिसळला.

१८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला होता. दरबारात इंग्रज रेसिडेंट येऊन बसला होता. घाटाचे चिरे बसत होते तेव्हा राजा होता, गादी होती, मुन्शीही होता. १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह झाला, १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आणि त्यानंतर राजा अल्पवयीन या कारणास्तव रेसिडेंट जेंकिन्स कारभार पाहू लागला. जिल्ह्यांवर इंग्रज अधिकारी आले. अंमल मात्र राजाच्याच नावाने चाले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. खालसा केल्याचे वर्ष कोणीही सांगेल. राज्य खरोखर कोणत्या वर्षी गेले, हे सांगणे तितके सोपे नाही.

पदवीच्या अभ्यासात रोमचा इतिहास वाचला, तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे आला होता. त्याचे मर्म तेव्हा कळले नव्हते. इ. स. पू. २७ मध्ये ऑगस्टसने सत्ता सिनेटच्या व लोकांच्या स्वाधीन केल्याचे जाहीर केले. कॉन्सल पूर्वीप्रमाणेच दरसाल होत, सिनेट भरे, ठराव होत. मात्र बहुतेक फौज ज्या प्रांतांत होती ते प्रांत त्याच्या हाती राहिले. इ. स. १४ मध्ये अधिकाऱ्यांची निवड लोकांच्या सभांकडून सिनेटकडे गेली. दुसऱ्या शतकात तर सिनेटपुढे झालेले सम्राटाचे भाषणच कायदा म्हणून आधाराला घेतले जाऊ लागले. ठराव हा त्याचा शेपटासारखा भाग उरला. अधिकारपदांची नावे तीच राहिली, ही गोष्ट टॅसिटसच्या नजरेतून सुटली नाही.

खरा कारभार मग कोठे गेला? क्लॉडियसच्या वेळी पत्रव्यवहार नार्सिसस पाही आणि हिशेब पॅलास पाही. दोघेही मुक्त झालेले गुलाम. म्हणजे रोमचे मुन्शी आणि फडणीस! ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कॉन्सलपद नांदले, त्यांनी सभागृहात पॅलासला मानचिन्हे अर्पण करण्याचा ठराव केला. अर्ध्या शतकानंतर पॅलासच्या थडग्यावर तो मजकूर वाचून प्लिनी संतापला.

या राजवटीने नुसते वाईटच केले, असे मात्र म्हणता येत नाही. प्रजासत्ताकाच्या काळी प्रांतांत गेलेले सुभेदार रयतेला नागवीत; साम्राज्यात त्यांना वेतन मिळू लागले आणि त्यांच्यावर वचकही बसला. २१२ मध्ये कॅराकॅलाने साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. पण ते सर्वांच्या पदरी पडले तेव्हा रोमच्या सभांतील नागरिकाच्या मताला काही अर्थ उरला नव्हता.

तेव्हा प्रश्न असा: आशय निघून गेल्यावर आकार जपून ठेवणारा माणूस निष्ठावंत म्हणावा, की फसवणुकीतला भागीदार?

हा प्रश्न आम्ही तटस्थपणे विचारू शकत नाही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, एका समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. समिती भरलीच नव्हती. निर्णय एका खोलीत, एका माणसाने घेतला होता आणि तो वाईटही नव्हता. आम्ही लिहिले, "साधकबाधक चर्चेअंती समितीने एकमताने ठरविले." वाक्य डौलदार उतरल्याचे समाधानही वाटले. सभासदांच्या सह्या दोन दिवसांत घरोघर फिरून झाल्या. आम्हांला कोणी धमकावले नव्हते. फक्त नमुना पुढे ठेवला होता, आणि मागील वर्षीच्या नमुन्यातही तेच वाक्य होते.

आपल्यापैकी पुष्कळांनी असे एखादे वाक्य कधी ना कधी लिहिले असेल. घरदार सोडून परमुलखात नोकरी करणाऱ्याला नियमाचा नमुना हाच आधार असतो, हे आम्ही जाणतो. नमुना टाकून द्यावा असेही आमचे म्हणणे नाही. रिकामे का होईना, पण सभागृह उभे असले तर कधी काळी त्यात कोणी खरे बोलू शकतो. मात्र त्यासाठी ते रिकामे आहे हे कोठेतरी नोंदलेले असले पाहिजे. सत्ताधीशाला ही नोंद नको असते आणि रयतेला ती करता येत नाही. ती करण्याची लेखणी हाती असते ती मुन्शीच्या.

टॅसिटसला सिनेटची जुनी दप्तरे पाहावयास मिळत. ती कोणा कारकुनाने लिहिली असतील. आमचे ते इतिवृत्तही कपाटात सुरक्षित आहे, आणि पुढे कोणी ते वाचील तर समिती भरली होती असेच तो मानील. त्यानंतर आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे: निर्णय ज्याचा, त्याचे नाव आणि तारीख टिपणात घालावयाची, बैठक झाली नसेल तर झाली असे लिहावयाचे नाही. अशी एक टिपणी गेल्या महिन्यात "नमुन्याप्रमाणे लिहा" या शेऱ्यासह आमच्याकडे परत आली. ती आम्ही होती तशीच पुन्हा वर पाठविली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.