सरळ रस्त्याची झीज

जुन्या जीपचं स्टिअरिंग कुठे झिजतं असं विचारलं, तर बहुतेक जण घाटाकडे बोट दाखवतील. वरंधा, आंबेनळी, ती केसाच्या पिनेसारखी वळणं आणि ड्रायव्हरच्या खांद्यांना पडणारे हिसके. पण स्टिअरिंग बॉक्स उघडून पाहिला, की वेगळंच दिसतं. वळणांच्या वाट्याला आलेला भाग बऱ्याचदा ठणठणीत असतो. खाल्लेला असतो तो बरोबर मधला भाग, गाडी नाकासमोर चालली असताना राबणारा.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे ३ बी’ ही जीप तहसीलदारापासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या दाराशी उभी राहिली. विलीजच्या या जीपचा स्टिअरिंग बॉक्स ‘रॉस’ पद्धतीचा. डेव्हिड रॉस या अमेरिकन इंजिनिअरने १९०६ मध्ये इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावी कारखाना काढला, ही त्याचीच देणगी. (शेजारच्याच पर्ड्यू विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमला आजही त्याचं नाव आहे. गिअर करणाऱ्याचं नाव मैदानाला, हे आपल्याकडे जरा अवघडच.)

रचना साधी. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखी नागमोडी खाच असलेला जाड कॅम. त्या खाचेत आडव्या शाफ्टच्या दोन निमुळत्या पिना बसतात. स्टिअरिंग फिरवलं की पिना खाचेतून सरकतात, शाफ्ट वळतो, बाहेरचा ड्रॉप आर्म झुलतो आणि पुढची चाकं वळतात. खरी हुशारी पुढे आहे. ही खाच सगळीकडे सारख्या खोलीची नसते. मध्यावर, म्हणजे गाडी सरळ असताना पिना जिथे बसतात तिथे, ती मुद्दाम उथळ कापलेली असते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग घट्ट राहावं, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: झीज इथेच होणार हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मधला भाग झिजला की बाजूच्या कव्हरवरचा स्क्रू थोडा आवळायचा, पिना आत सरकतात, प्ले, म्हणजे स्टिअरिंगमधला मोकळा झोल, निघून जातो आणि वळणावर काही अडत नाही.

मला सकाळच्या चहाबरोबर या उथळ खाचेचा विचार करायला आवडतं. माणूस संकटात खचतो असं आपण म्हणतो आणि संकटासाठी पैसा, धीर, चार नातेवाईक राखून ठेवतो. पण संकटं मोजकी. उरलेलं सगळं आयुष्य सरळ रस्त्याचं: तीच लोकल, तोच डबा, घरातल्या माणसाला दिलेली तीच तुटक उत्तरं. झिजतो तो इथे, आणि इथल्यासाठी बहुतेकांनी काहीच राखून ठेवलेलं नसतं. रॉसच्या बॉक्समध्ये ती तजवीज होती.

अर्थात तिलाही मर्यादा आहे. उथळपणाचा हिशेब संपला, तरी गॅरेजमधला मिस्त्री म्हणतो, “साहेब, जरा आवळून देतो, एकदम टाइट.” तो आवळतो. सरळ रस्त्यावर गाडी नवी वाटते. पण वळणावरची खाच झिजलेलीच नसते, त्यामुळे पिना तिथे अडकायला लागतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून सैल सोडलं, की ते आपोआप मध्यावर यायला हवं. ते येत नाही, ओढून आणावं लागतं. बॉक्स जास्त आवळल्याची याहून सोपी खूण नाही. घाटातल्या उतारावर अशी गाडी प्ले असलेल्या गाडीपेक्षा धोक्याची.

म्हणून काम क्रमाने करावं. आधी बॉक्सच दोषी आहे का, ते पाहा. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने गाडीखाली पडून बघायचं. निम्म्या वेळा गुन्हेगार दुसराच निघतो: ड्रॉप आर्मला जोडलेल्या ड्रॅग लिंकचं सॉकेट, पुढच्या क्रॉस मेंबरवरचा बेलक्रँक, टाय रॉडची टोकं, किंगपिनचे बेअरिंग, नाहीतर चॅसीवर बॉक्स धरणारे सैल बोल्ट. जीपचा बेलक्रँक तर यासाठी बदनामच आहे. हे सगळं ठीक निघालं तर ड्रॅग लिंक सोडवा, म्हणजे बॉक्सवर चाकांचा भार राहत नाही. मग आधी शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करून कॅमचे बेअरिंग बसवायचे आणि त्यानंतरच बाजूचा स्क्रू. तोही स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून. मध्यावरून जाताना हाताला किंचित अडसर जाणवला की थांबायचं आणि लॉकनट आवळायचा. वळलेल्या स्थितीत थोडा प्ले राहतो; तो राहू द्यायचा.

एवढं करूनही भागलं नाही तर मात्र बॉक्स उघडणं आलं. कॅमवर खड्डे पडले असतील किंवा पिना एका बाजूने चपट्या झाल्या असतील, तर ते भाग बदलायचे. शाफ्टचे बुश आणि ऑइल सील त्याच खेपेला नवे घालायचे. सील गळतं म्हणून बॉक्समध्ये ग्रीस कोंबायची आपल्याकडे जुनी सवय आहे. जाड ग्रीस पिनांच्या वाटेतून एकदा बाजूला झालं की परत येत नाही आणि मधला भाग कोरडा चालतो. तिथे गिअर ऑइलच हवं, थोडं गळलं तरी.

सगळा बॉक्स काढून दुसऱ्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवणारेही आहेत. रोज कामाला जुंपलेल्या जीपसाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण रविवारी बाहेर काढायची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल, तर जुनाच बॉक्स नीट करून घ्यावा. तो नीट होतो.

एक विनंती मात्र दोघांनाही आहे. झिजलेली पिन, ड्रॉप आर्म किंवा स्टिअरिंगचा कुठलाही भाग वेल्डिंगने भरून घेऊ नका. उष्णतेने त्या पोलादाचं पाणी उतरतं आणि तो भाग केव्हा तुटेल ते सांगता येत नाही. पैसे नसतील तर गाडी उभी ठेवा, पुढच्या पगाराला भाग आणा.