शब्द देण्याआधी

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याने जनावर मारले किंवा माणसावर हल्ला केला की पालक शाळेच्या दारात जमतात. वनखात्याचे कार्यालय लांब असते, मुख्याध्यापक समोर असतात. “बंदोबस्त करा, नाहीतर शाळेला कुलूप ठोकतो,” हे ऐकल्यावर आधी लोकांना शांत करावे असे कोणालाही वाटेल. “उद्याच पिंजरा लावायला सांगतो,” एवढे म्हटले की गर्दी पांगते. पण जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊन वेळ मारून नेणे, हीच मुख्याध्यापकाची सर्वांत मोठी चूक ठरते. पिंजरा लागला नाही तर पुढच्या वेळी त्याचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.

रागावर तात्काळ उतारा शोधण्याचे काय होते, हे याच भागाने पाहिले आहे. 2001 नंतर जुन्नर वनविभागात बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. लोकांची मागणी तीच होती. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसले की त्यानंतर माणसांवरचे वार्षिक हल्ले सुमारे चौपट झाले, आणि सोडण्याच्या जागांजवळ ते अधिक होते. प्रश्न हलवला गेला, सुटला नाही. शाळेतही शिक्षकाने मुलाला मारल्याची तक्रार आली की त्या शिक्षकाची बदली करून विषय संपवला, तर त्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकलेले नसते आणि दुसऱ्या वाडीतल्या मुलांपुढे तोच प्रश्न उभा राहतो. (लैंगिक अत्याचाराची तक्रार मात्र चर्चेने मिटवायची बाबच नाही, पॉक्सो कायद्याने ती पोलिसांकडे द्यावीच लागते.)

यावर कोणी म्हणेल, दोन शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाला अधिकारच काय? अधिकार थोडे आहेत, हे खरे. म्हणूनच काय करता येईल आणि काय नाही, हे त्याने पहिल्याच बैठकीत उघड सांगावे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत, पण समितीच्या वहीवर घरोघर सह्या घेतल्या तर ती कागदावरच राहते. इतिवृत्तात “सुरक्षेबाबत चर्चा झाली” असे लिहिण्याला अर्थ नाही. मळ्यातल्या मुलांसोबत सकाळी कोण चालणार, उसाच्या कडेचे गवत कोण काढणार, वनखात्याला पत्र कधी दिले, उत्तर काय आले, हे नावानिशी लिहिले तर पुढच्या बैठकीत आरोपाऐवजी हिशोब होतो.

उघड बैठकीत गावचे राजकारण शिरते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ते शिरतेच; पण बैठक टाळली तर ते पारावर चालते, आणि तिथे शाळेची बाजू मांडायला कोणी नसते. खरी अडचण वेगळी आहे. ठाकरवाडीतली आई किंवा परगावाहून आलेल्या मजुराची बायको भरसभेत बोलत नाही, आणि सर्वांत लांबून चालत येणारी मुले बहुधा त्यांचीच असतात. त्यांच्याकडे मुख्याध्यापकाने आधी स्वतः जायला हवे आणि त्यांच्या परवानगीने त्यांचे म्हणणे सभेत मांडायला हवे.

ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा मोडतो आणि तो वस्तीजवळ जास्त दिसू लागतो. जुन्नर-आंबेगावच्या मुख्याध्यापकांनी ही बैठक त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच घ्यावी.