बाळंतिणीला शिळे द्यावे का?

प्रसूतीच्या दोन-तीन आठवडे आधी किंवा लगेच नंतर आमटी, मुगाची खिचडी, मेथी घातलेली डाळ, पालकाचे सार, अर्धकच्च्या भाजलेल्या पोळ्या असे काहीबाही करून गोठवायचे आणि नव्याने आईबाप झालेल्यांच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवायचे, ही रीत शहरांतल्या मराठी घरांत आणि त्याहून अधिक परदेशातल्या मराठी घरांत दिसू लागली आहे. कारणे उघड आहेत. पहिले बाळंतपण माहेरी आणि सव्वा महिना अंथरुणावर, हा बेत आता सगळ्यांना जमत नाही. 2017च्या दुरुस्तीनंतर कायदा लागू असलेल्या ठिकाणी बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला मालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. घरात तिसरे माणूस नसते. तरीही हे डबे पाहून एखादी वडीलधारी बाई म्हणतेच, ‘बाळंतिणीला शिळे घालायचे का?’ हा प्रश्न केवळ स्वयंपाकघरातला नाही. अन्न कधी दूषित होते आणि दान कशाने शुद्ध होते, हे दोन जुने प्रश्न त्यात एकात एक अडकले आहेत. माझे म्हणणे असे की शिळेपण चूल विझल्यापासूनच्या तासांवर मोजता येत नाही. आणि दानाचा कस घेणाऱ्याच्या वेळेवर लागतो, देणाऱ्याच्या नव्हे. या दुसऱ्या कसोटीवर गोठवलेला डबा पुष्कळदा ताज्या डब्याहून सरस ठरतो.

आक्षेप घेणारा बहुधा गीतेचा सतरावा अध्याय पुढे करतो. प्रहर उलटलेले (यातयाम), रस गेलेले, वास मारणारे, रात्र काढलेले (पर्युषित) अन्न तामस माणसाला आवडते, असे तिथे म्हटले आहे खरे. पण तो अध्याय काय खावे आणि काय खाऊ नये याची यादी द्यायला बसलेला नाही. श्रद्धा तीन प्रकारची असते आणि माणसाची ओढ कशाकडे आहे यावरून ती ओळखू येते, हा त्याचा विषय. म्हणजे बोलणे आवडीबद्दल आहे. रात्रभर तासातासाला उठून पाजणारी बाई सकाळी अकराला परवाची खिचडी गरम करून खाते, ती तिला शिळ्याची गोडी आहे म्हणून नव्हे. भाष्यकारही इथे एका सुरात बोलत नाहीत. शंकराचार्य यातयाम म्हणजे अर्धकच्चे शिजलेले असे घेतात, कारण निःसत्त्व झालेल्या अन्नाचा उल्लेख पुढच्या शब्दात येतोच. पण रात्र उलटलेले शिजवलेले अन्न मात्र तेही वर्ज्यच मानतात. रामानुजांची व्याख्या मला अधिक उपयोगी वाटते. काळ लोटल्याने ज्याची चव पालटली ते पर्युषित, असे ते म्हणतात. इथे दोष काळाचा नाही, काळाने अन्नात घडवलेल्या बदलाचा आहे. तो बदल थांबवता आला तर काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहणे शक्य नव्हते, आपल्यासमोर आहे.

धर्मशास्त्राने मात्र तो प्रश्न आपल्या परीने पाहिला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तूप-तेल घातलेले निर्दोष अन्न रात्र उलटली तरी खाण्याची मुभा आहे; जवागव्हाचे आणि दुधाचे पदार्थ तर स्निग्ध नसले आणि फार दिवसांचे असले तरी चालतात. याज्ञवल्क्यस्मृतीचे म्हणणेही याच वळणाचे. (1927 साली महाडला ज्या मनुस्मृतीचे दहन झाले तिला मी प्रमाण मानून पुढे करत नाही, आक्षेप ज्या परंपरेच्या नावाने घेतला जातो तिचा साक्षीदार म्हणून बोलावतो आहे.) या अपवादांचा अर्थ सरळ आहे: जे टिकते ते शिळे नव्हे. आणि आपल्या घरांनी तो अर्थ कधीच आचरणात आणला आहे. जी बाई गोठवलेल्या आमटीला नाक मुरडते, तीच सुनेच्या आठव्या महिन्यात डिंक, खारीक, खोबरे आणि सुंठ जमवून तुपात लाडू वळते आणि पत्र्याचा डबा भरून ठेवते. ते लाडू तीन आठवड्यांनी खाल्ले तरी त्यांना कोणी शिळे म्हणत नाही. अळिवाचे लाडू ओल्या नारळाचे, म्हणून दोन-चार दिवसांत संपवायचे. म्हणजे तासांचा हिशेब तिथेही नव्हता, ओलाव्याचा होता. श्रावणातल्या शिळासप्तमीला आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खाणे हेच व्रत आहे. शिळ्याचा विटाळ इतका निरपवाद असता तर हे व्रत जन्मालाच आले नसते.

आता फ्रीजर काय करतो ते पाहू, कारण अर्धवट माहितीवर केलेले समर्थन आक्षेपाइतकेच फसवे असते. उणे 18 अंश सेल्सिअसला अन्नातले जिवाणू वाढत नाहीत. ते मरतातही नाहीत, पुन्हा ऊब मिळाली की कामाला लागतात. त्यामुळे शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत निववून, उथळ डब्यांत एका जेवणापुरते भरून गोठवायचे आणि खाताना वाफा येईपर्यंत, मधोमध सुद्धा, गरम करायचे. एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचे नाही. भात लवकर निववणे विशेष गरजेचे, कारण तासन्‌तास ओट्यावर राहिलेल्या भातात एक जिवाणू असे विष तयार करतो जे उकळूनही जात नाही. दार न उघडता भरलेला फ्रीजर साधारण 48 तास गारवा धरतो, अर्धा भरलेला 24 तास; ज्या गावी वीज रोज जाते तिथे हा हिशेब आधी करायला हवा. शिवाय सगळेच गोठत नाही. बटाटा रवाळ होतो, कढी फाटते, काकडीच्या कोशिंबिरीचे पाणी होते. डाळी, सार, पुरणपोळी, थालीपीठ आणि तेच अळिवाचे लाडू मात्र छान राहतात. रामानुजांची कसोटी लावायची तर कढी नापास आणि आमटी पास. चव पालटते का, एवढेच पाहायचे. आणि ते जिभेला कळते.

पण समजा, शिळेपणाचा मुद्दा निकालात निघाला. तरी द्यावे कसे हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आक्षेप घेणारे गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकाशी थांबतात. त्याच अध्यायात विसाव्या श्लोकापासून दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, तिथपर्यंत फारसे कोणी जात नाही. परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. उपकाराची फेड मनात धरून दिलेले ते राजस. भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, आदर न ठेवता दिलेले ते तामस. एकाच अध्यायात अन्न आणि दान ही दोन्ही याच तीन कसोट्यांवर तोलली आहेत, म्हणून अन्नदानाला दोन्ही लावणे भाग आहे. आता बाळंतघराची घडी आठवा. नव्या बाळाच्या घरात दुपारचा एक वाजत नाही. भूक पहाटे तीनला लागते, किंवा बाळ झोपले त्या वीस मिनिटांत लागते, आणि ती वीस मिनिटे कधी येतील हे कोणालाच ठाऊक नसते. साडेबाराला ताजा, गरम, सात्त्विक म्हणावा असा डबा घेऊन आलेला माणूस दाराची घंटा वाजवतो, नुकते निजलेले बाळ उठते, आई ओढणी सावरत बाहेर येते, बाप चहाचे आधण ठेवतो. अन्न निर्दोष, काळ चुकलेला. भलत्या वेळेबद्दल गीतेचे शब्द कडक आहेत, आणि पदार्थाचा ताजेपणा त्यातून सूट मिळवून देत नाही. सोयराचे दहा दिवस पाळणाऱ्या घरात इतरांनी अन्न घेऊ नये हा जुना निर्बंध अशौचाच्या कल्पनेतून आला. त्या कल्पनेने बाळंतिणीला कोपऱ्यात बसवले, म्हणून तिचे गोडवे मी गाणार नाही. पण तिचा एक परिणाम असा होता की दहा दिवस त्या घरावर पाहुणचाराचा भार पडत नसे. आपण अशौच सोडले ते योग्यच केले. त्याबरोबर तो आडोसाही गेला, याची भरपाई मात्र केली नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने 1925 साली दानावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की भेट कधीच फुकट नसते: देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच असतात. आपल्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. शेजारून आलेला डबा रिकामा परत करू नये, निदान साखर तरी घालावी, ही आपली शिस्त. एरवी ही शिस्त गोड आहे, तिने वाडे आणि चाळी बांधून ठेवल्या. पण महिनाभराच्या बाळाच्या आईला तो स्टीलचा डबा ओट्यावर दिसला की तो घासायचा आहे, त्यात काही घालायचे आहे, तो कोणाचा होता हे आठवायचे आहे, अशी तीन ऋणे एकदम डोळ्यांसमोर उभे राहतात. मदत म्हणून आलेली वस्तू कामांची यादी होते. म्हणून गोठवलेले अन्न परत न करायच्या डब्यांत द्यावे, एकरकमी द्यावे आणि दारातूनच निघावे, हा मुद्दा मला शिष्टाचाराचा वाटत नाही. दान राजस होण्यापासून वाचवायचे असेल तर फेडीची वाट दात्यानेच बंद करायला हवी, आणि फ्रीजर ते सोपे करतो. तो देण्याचा क्षण आणि खाण्याचा क्षण वेगळे करतो. देणारा आपल्या रविवारी शिजवतो, घेणारी आपल्या पहाटे खाते; मधे कोणाला कोणासमोर बसून ‘छान झाले हो’ म्हणावे लागत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आयुर्वेदाचा. चरकाने विमानस्थानात गरम, स्निग्ध, बेताचे खावे असे सांगितले आणि शारीरस्थानात सूतिकेला तूप-तेल आणि पातळ यवागू (पेज) सांगितली. त्याचे वजन मी कमी लेखत नाही. पण चरक ज्या घरासाठी लिहीत होता त्या घरात यवागू रांधणारे कोणीतरी होते, हे त्याने गृहीत धरले आहे. आजच्या घरात गोठवलेल्या पेजेला पर्याय म्हणून ताजी यवागू उभी नाही. उभी आहेत बिस्किटे, नाहीतर उपास. उषस्ती चाक्रायणाची छांदोग्य उपनिषदातली गोष्ट इथे आठवते. दुष्काळात त्याने माहुताचे उष्टे धान्य खाल्ले, पाणी मात्र नाकारले, कारण त्या धान्यावाचून तो जगला नसता आणि पाणी इतरत्र मिळत होते. उरलेले त्याच्या बायकोने राखून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ते उष्टे आणि शिळे अन्न खाऊन तो यज्ञमंडपात गेला. ब्रह्मसूत्रांनी प्राणसंकटाच्या मुभेसाठी हाच दाखला घेतला. बाळंतपण म्हणजे दुष्काळ नव्हे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि म्हणून माझा युक्तिवाद आपद्धर्मावर उभा नाही. उषस्तीकडून घ्यायची आहे ती फक्त त्याची तुलना करण्याची रीत: समोर खरोखर कोणते पर्याय आहेत, तेवढेच तोलायचे.

दुसरा आक्षेप ममतेचा. डबा फ्रीजरमध्ये ठेवून निघून जाणे म्हणजे माणसाऐवजी वस्तू पाठवणे, आणि नव्या आईला माणूसच हवे असते. यात तथ्य आहे. बाळंतपणानंतरचे एकटेपण खरे असते आणि आमटीने ते जात नाही. पण ज्याला सोबत द्यायची आहे त्याने ती सोबत म्हणून, विचारून, बाळ धरायला किंवा दुपटी वाळत घालायला जाऊन द्यावी; जेवणाच्या निमित्ताने उंबरा ओलांडून यजमानांना यजमानपणात अडकवू नये. दोन्ही गोष्टी एकाच भेटीत उरकण्याचा मोह देणाऱ्याच्या सोयीचा असतो.

तिसरा आक्षेप मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही. जैन घरांत रात्र काढलेले ओले अन्न अभक्ष्य मानतात, आणि खाखऱ्यासारख्या कोरड्या पदार्थांनाही ऋतूनुसार मुदत असते. त्यामागे अन्नात निपजणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या हिंसेचा विचार आहे; जिवाणू वाढत नाहीत हे प्रयोगशाळेचे उत्तर तिथे पुरे पडत नाही, कारण तो नियम श्रद्धेने पाळलेला असतो. पात्र पाहून द्यावे याचा अर्थच हा, की त्या घरी कोरडा, मुदतीतला खाऊ न्यावा आणि आपल्या फ्रीजरचे पुराण सांगू नये. जातीच्या सोवळ्याचे मात्र तसे नाही. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा हिशेब बाळंतिणीच्या ताटाभोवतीही पिढ्यान्‌पिढ्या चालला. श्राद्धासाठी रांधलेले अन्न एकनाथांनी अस्पृश्य भुकेल्यांना वाढले, ही कथा महाराष्ट्राला पाठ असताना त्या हिशेबाला परंपरेचा आधार आहे असे म्हणणे धाडसाचे आहे.

राहता राहिला डब्यावरच्या चिठ्ठीचा प्रश्न. काय आहे, कोणत्या तारखेचे आहे, दाणे-खोबरे-दूध यांपैकी काय घातले आहे, किती वेळ तापवायचे, एवढे लिहिणे हा आदराचाच भाग. ज्याला तिखट सोसत नाही किंवा शेंगदाण्याने त्रास होतो त्याला अंदाजाने खायला लावणे हा अनादर झाला. पण स्वतःचे नाव लिहावे का? गुप्तदानाचे माहात्म्य ऐकून कोणी म्हणेल, नको. मला इथे ते पटत नाही. अंगावर पाजणारी बाई कोणाच्या स्वयंपाकघरातले खाते हे तिला कळायला हवे, आणि आमटीत नेमके काय होते हे पहाटे तीनला नसले तरी सकाळी नऊला फोन करून विचारता यायला हवे. तेव्हा नाव लिहावे, बारीक अक्षरात, तारखेच्या खाली.