सत्याचा वार

कोडी सोडवणं माझ्या बुद्धीला झेपत नाही आणि अब्रूला टाळता येत नाही. मध्यंतरी कन्येनं भर जेवणात विचारलं, "बाबा, सिंह सोम, मंगळ, बुध खोटं बोलतो. एकशिंगी घोडा गुरू, शुक्र, शनी. एरवी दोघंही खरं बोलतात. आज दोघंही म्हणाले, 'काल माझा खोटं बोलायचा वार होता.' तर आज वार कोणता?"

कोडं रेमंड स्मलियन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं. त्यांच्या १९७८ सालच्या पुस्तकाचं नावच मुळी 'या पुस्तकाचं नाव काय?' असं आहे. अशा माणसाकडून सरळ प्रश्नाची अपेक्षा काय करायची! आमटी निवेपर्यंत मी बोटं मोजली. अखेर गुरुवारी जमलं. बुधवारी थाप मारलेला सिंह आज खरं सांगतोय, आणि बुधवारी खरं बोललेला घोडा आज थाप मारतोय.

मी विजयी मुद्रेनं ताक ओरपलं, तोच कन्या म्हणाली, "आणि तुमचे वार कोणते हो, बाबा?"

प्रश्न मी हसण्यावारी नेला. पण हा वार काही सातांत बसत नाही.

विचार केला, तेव्हा ध्यानात आलं की ते दोघे खोटारडे असले तरी वार पाळणारे आहेत. म्हणून तर कोडं सुटतं. माझं तसं नाही. मी कुठल्याही वारी, समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतो. धर्मराज एकदाच 'नरो वा कुंजरो वा' पुटपुटला, तर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. माझा रथ पहिल्यापासून जमिनीवरच. मला कसली भीती?

भीती कसली ते एका मित्रानं दाखवलं. गडी कविता करतो. वीस वर्षं मी "छान आहे" म्हणत आलो. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यानं हळूच विचारलं, "खरं सांग, सुधारलोय ना रे मी?" खरोखरच सुधारला होता. मी म्हणालो, "छान दिसतोयस!" तो खिन्न हसला. "तू माझ्या कवितांनाही छानच म्हणतोस."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो आणि ते चालेना! खोट्या नाण्यांच्या थैलीत एखादा बंदा रुपया असला, तरी वाण्यानं तो ओळखावा कसा?

पुढच्या रविवारी तो नवी कविता घेऊन आला. सिंह-घोडादेखील रविवारी खरं बोलतात, म्हणून मी मन घट्ट केलं. "शेवटची दोन कडवी काढून टाक. फसलीयत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे... परवा तब्येतीचंही खरं बोलला होतास की काय?"

कडवी मात्र त्यानं काढली नाहीत.