स्वल्पविरामाची किंमत



एक सवाल तुमच्यापुढं टाकायचा आहे. सवाल पुस्तकाचा आहे. म्हणून तो लेखक-प्रकाशकांचा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पान उलटू नका. तो आपल्या पोटातला सवाल आहे.

दर एक जानेवारीला पेरणे फाट्यावर, जयस्तंभाच्या वाटेवर, आपण पुस्तकांचा स्टॉल लावतो. दोन टेबलं, वर निळं कापड, उन्हाला एक ताडपत्री. आजूबाजूला बिल्ले, झेंडे, मूर्त्या, कॅलेंडरं. यंदा मंडळानं स्वतःची पुस्तिका काढायचं ठरवलं. अठ्ठेचाळीस पानं. त्यात १८१८ ची लढाई, बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला स्तंभापाशी आले ती हकीकत, २०१८ साली कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या रस्त्यावर आपल्या माणसांवर जे गुदरलं ते. आणि शेवटी एक परिच्छेद शिरूर-दौंडकडच्या गायरानाचा. कोण पिढ्यान् पिढ्या कसतं आणि सातबाऱ्यावर कोणाचं नाव नाही, एवढंच त्यात आहे.

हे एका पुढाऱ्याच्या कानावर गेलं. त्यानं निरोप धाडला. भेटलो. चहा पाजला. म्हणाला, "छपाईचा सगळा खर्च माझा. पाच हजार काढा, फुकट वाटा. शिरूरला मोठा हॉल घेऊ, प्रकाशन करू, पुण्याहून लेखक आणू. मागच्या पानावर माझा फोटो. आणि तो गायरानाचा परिच्छेद तेवढा गाळा. बाकी एका अक्षराला हात लावू नका."

बाहेर आलो तर पोरांत दोन तट. एक पोरगं, चांगलं एम.ए. झालेलं, मला म्हणालं, "काका, पाच हजार घरांत बाबासाहेब जातोय. एका परिच्छेदापायी अडून बसायचं का? आपल्या पैशानं पाचशे निघतील. बाकीच्या साडेचार हजार घरांचं काय?"

त्याचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही. रात्रभर झोप लागली नाही. कारण त्याच्या बोलण्यात माया होती. आणि त्याच्या बाजूला एक जुना आधारही आहे.

१९३६ साली बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापलं. किंमत ठेवली आठ आणे. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्याच्यावर लिहिलं. त्यात ते असं म्हणाले की कोणाही सुधारकाला हे भाषण टाळून पुढं जाता येणार नाही, पण आठ आणे फार झाले, दोन आणे करा, निदान चार आणे करा. आता आपण गांधींवर कितीही रागवलो तरी ही गोष्ट मनाला विचारून बघा. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. राबणाऱ्याला तो काय स्वस्त होता? पुस्तक स्वस्त असावं हे म्हणणं चूक कसं म्हणायचं?

पण मग ते पुस्तक निघालं कसं, तेही बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचं अध्यक्षपद दिलं. हॉल त्यांचा, मंच त्यांचा, श्रोते त्यांचे. भाषणाचा मजकूर हाती आल्यावर मंडळी बिचकली. वेदांवरचं गाळा, धर्म सोडण्याचं गाळा, असं सुरू झालं. बाबासाहेबांनी कळवलं की स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद मोडली. बाबासाहेबांनी ते न झालेलं भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

म्हणजे ते आठ आणे नुसते कागदाचे आणि शाईचे नव्हते. त्या स्वल्पविरामाचे होते. लाहोरवाल्यांच्या मंचावरून तेच भाषण फुकट ऐकायला मिळालं असतं. फक्त ते तेच राहिलं नसतं.

आमच्याकडं ही रीत त्याच्याही आधीची आहे. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावणं धाडलं. जोतीराव गेले नाहीत. उलट पत्र लिहून सांगितलं की ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखाचा मेळ नाही त्यांच्या सभेत आम्ही मिसळणार नाही. ग्रंथकार म्हणून मिरवायची संधी होती. हार होता. त्यांनी हार नाकारला.

पण गड्यांनो, एवढ्यावर टाळ्या वाजवून उठू नका. गोष्ट इतकी सरळ नाही.

बाबासाहेबांनीही मदत मागितली होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापायला वीस हजारांच्या आसपास खर्च येणार होता. तो त्यांना झेपत नव्हता. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं. बुद्धजयंतीचं वर्ष आहे, सरकारनं पाचशे प्रती घ्याव्यात, ग्रंथालयांना द्याव्यात. नेहरूंचं उत्तर आलं की त्यासाठी काढलेला पैसा संपला, पुस्तक विक्रीला ठेवा. डिसेंबरात बाबासाहेब गेले. पुस्तक निघालं १९५७ ला. लेखकानं ते छापून झालेलं पाहिलं नाही.

हे वाचताना माझा हात थरथरतो. पण नीट बघा, मागितलं काय? पुस्तक पुरं झालं होतं. मजकूर ठरला होता. ते म्हणत होते, विकत घ्या. 'तुम्ही म्हणाल ते गाळतो, पैसे द्या' असं ते म्हणत नव्हते. विकत घ्या म्हणणं वेगळं आणि मजकूर विकणं वेगळं. या दोहोंच्या मधली रेघ बारीक आहे. ती दिसली पाहिजे.

आणि आमच्या दौंड तालुक्यातलं केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९७ च्या आणि पुढं १९०० च्या दुष्काळात टाकलेल्या बायका-पोरी तिथं आल्या. त्यांच्यातल्याच खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच छापखान्यात बायकांनी जुळवलं, छापलं. १९२४ ला पुरं निघालं, बाई १९२२ लाच गेल्या होत्या. मिशनला पैसा लांबून लांबून येत होता. त्यांचा धर्म आपला नाही, पण जुळवणारी बाई, छापणारी बाई, मजकूर बाईचा. म्हणजे दुसऱ्याचा पैसा हेच पाप, असंही नाही. पैशाबरोबर कात्री येते का, हे बघायचं.

कात्री न येता चिठ्ठी चिकटून येते, तेही आपण बघितलं. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड काढले. वसंत मून यांनी जीव ओतला. ते खंड सरकारी किमतीत मिळाले म्हणून झोपडीतल्या फळीवर आले, हे मी नाकारत नाही. नाकारलं तर मी खोटारडा. पण १९८७ ला चौथा खंड आला, 'रिडल्स'. राम-कृष्णाचं प्रकरण गाळा म्हणून दंगा उठला. आपली माणसं १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर उतरली तेव्हा प्रकरण राहिलं. राहिलं, पण सरकार या मताशी सहमत नाही अशी टीप लागली. आणि २०२१ साली खंडांची छपाई रखडल्याची बातमी आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्याच्या हातात छापखाना, त्याच्या हातात न छापणंही असतं.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. हेच मला पोरांना सांगायचं आहे.

दौंडला मी खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. हातात स्टिक, पुढं केस, बोटं काळी. रेल्वेचा भोंगा वाजला की जेवायची सुट्टी. कधी मालक सांगायचा, ह्या चार ओळी काढ. मी काढायचो. मग पान ढिलं पडायचं. ते ढिलं पान मी शिशाच्या पट्ट्या घालून कसायचो. ओळी जरा लांब लांब बसायच्या. छापून आलं की पान कसं स्वच्छ, देखणं. चार ओळी होत्या याचा मागमूस नाही.

गाळलेलं वाचणाऱ्याला दिसत नाही. सगळं पाप इथं आहे.

पुढाऱ्याचा फोटो दिसेल. फोटोला लोक हसतील, दाढीमिशा काढतील, विसरतील. फोटोचं मला भय नाही. पण नसलेला परिच्छेद कोणाला दिसणार? न्हावऱ्याच्या, पाटसच्या एखाद्या घरात ती पुस्तिका जाईल. गायरान कसणारा बाप पोराला म्हणेल, वाच. पोरगं वाचेल. बापाला वाटेल, आपल्या माणसांनी सगळं लिहिलं, आपल्या जमिनीचं तेवढं कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्याला फसवलं हे त्याला कधी कळणारही नाही. आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तो कोणाकडं तक्रार घेऊन जाणार? ज्यानं वीस रुपये मोजले तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणू शकतो, "ए जयभीमवाल्या, यात आमचं का नाही?" किंमत दिली की माणसाला विचारायचा हक्क येतो. फुकट घेणाऱ्याला हात जोडायला लावतात.

पोरगं म्हणालं, "हे पटलं. पण ज्याच्याकडं वीस रुपये नाहीत?"

त्याचं उत्तर माझं नाही. ते एका बाईनं दिलं.

२०१९ चा एक जानेवारी. आदल्या वर्षीच्या दगडफेकीचं भय अजून लोकांच्या डोळ्यांत होतं, तरी माणसं लोटली होती. एक बाई स्टॉलवर आली. पुस्तक उचललं, उलटंसुलटं केलं, किंमत विचारली. तीस रुपये. ठेवलं. मी म्हणालो, "मावशी, असू द्या, न्या तसंच." ती म्हणाली, "नगं दादा," आणि गर्दीत गेली. मला वाटलं, दुखावली. तासाभरानं आली ती आणखी दोघींना घेऊन. तिघींनी दहा-दहा रुपये टेबलावर ठेवले. म्हणाली, "तिघींची नावं घाला वर." मी पहिल्या पानावर तिघींची नावं लिहिली. विचारलं, "राहणार कोणाच्या घरी?" "चार-चार महिनं," ती म्हणाली. "पोरं वाचत्यात, आमी ऐकतो."

दादा म्हणून मी तिला दान करायला निघालो होतो. तिनं मला दुकानदारच ठेवलं आणि स्वतः मालकीण झाली.

म्हणून माझं मत असं. पाचशेच काढू. वीस रुपये किंमत. पहिल्या पानावर पाच रेघा कोऱ्या ठेवू, पाच घरांची नावं लिहायला. एका घराला चार रुपये. पाचशे प्रती, अडीच हजार घरं. आणि ज्या वस्तीत वाचणारं कोणी नाही तिथं आपल्यातला एकेक जण जाऊन मोठ्यानं वाचेल. प्रकाशन हॉलमध्ये नको. ताडपत्रीखाली करू. गायरान कसणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या हातानं करू. शाल-श्रीफळ नको, तिचं गाडीभाडं मंडळानं द्यावं.

हिशोब तरी पुरा होत नाही, हे मला दिसतं. पाच हजारातून अडीच हजार वजा केले तर अडीच हजार घरं उरतात. तिथं यंदा पुस्तिका जाणार नाही. ते ओझं पुढाऱ्याच्या डोक्यावर नाही, आपल्या डोक्यावर आहे. तत्त्व पाळलं म्हणून हात झटकून मोकळं होता येत नाही. ज्याला स्वल्पविराम राखायचा आहे त्यानं पायपीटही करायची आहे. नाहीतर ते नुसतं सोवळं झालं, आणि सोवळं काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोरेगावच्या पुलाखालून जाणारी भीमा पुढं दौंडला येते. अडीच हजार घरं तिच्याच काठानं आहेत. रविवारी निघू. कोण कोण येतंय ते सांगा.

जयभीम.