वाट सपाट करा



आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. दरवर्षी या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान आपल्याला भेटतो आणि प्रभूची वाट तयार करा असे सांगतो. हे शब्द मुळात यशया संदेष्ट्याचे, चाळिसाव्या अध्यायातले. संत लूकने ते जरा पुढपर्यंत दिले आहेत. वाटेवरचे खड्डे बुजवायचे, चढ उतरवायचे, वाकडी वळणे सरळ करायची. आणि हे कशासाठी, तर देवाने केलेले तारण मोजक्या लोकांना नव्हे, अवघ्या मानवजातीला दिसावे म्हणून.

सेमिनरीत आम्ही या वचनाचा आध्यात्मिक अर्थ शिकलो. दरी म्हणजे निराशा, डोंगर म्हणजे गर्व. तो अर्थ खराच आहे. परंतु गेल्या जानेवारीतल्या आपल्या सहलीपासून या वचनाचा अगदी साधा, पायाखालचा अर्थ आमच्या मनात घर करून बसला आहे. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

आपण दौलताबादला गेलो होतो. दोन बस भरल्या होत्या. माणशी साडेतीनशे रुपये वर्गणी होती. किल्ल्याच्या दाराशी आम्ही मुलांना थांबवून एक हकिकत सांगितली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. ती सहलच होती. वाटेत ते दौलताबादला उतरले. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले होते, म्हणून दाराजवळच्या तलावावर त्यांनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून गहजब झाला. अस्पृश्यांनी तलाव बाटवला असा ओरडा करीत लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी आत कुठेही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर त्यांना किल्ला पाहू दिला, आणि नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

मुलांनी हे मन लावून ऐकले. मग आम्ही सगळे किल्ला चढायला लागलो. वर फोटो काढले, गाणी म्हटली. चार तासांनी खाली आलो तेव्हा आपल्या धर्मग्रामातल्या दोन आजी बसमध्ये तशाच बसून होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना चढवले नव्हते. डबा उघडला नव्हता. आम्ही विचारले, "आजी, जेवला का नाहीत?" एक आजी म्हणाल्या, "सगळ्यांसंगं खाऊ म्हणलं, फादर." तलावाची हकिकत सांगणाऱ्या आम्हाला त्या क्षणी काय वाटले ते लिहिता येणार नाही.

त्याच आठवड्यात आम्ही आपल्या एका कुटुंबाकडे गेलो. त्यांचा मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो. सहलीला का आला नाहीत असे विचारले. आई म्हणाली, "आम्हाला कुणी बोलावलं नाही, फादर." आम्ही म्हणालो, "मिस्सानंतर सूचना दिली होती ना? सर्वांना आमंत्रण आहे असं सांगितलं होतं." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते सगळ्यांना होतं. माझ्या लेकराला नव्हतं."

बंधुभगिनींनो, ही चूक आयोजक तरुणांची नाही. जागा आम्ही ठरवली, तारीख आम्ही ठरवली, वर्गणीही आम्हीच ठरवली. सर्वांना आमंत्रण आहे असे वेदीवरून आम्हीच म्हणालो आणि दर वळणावर कोणाला तरी मागे ठेवत गेलो. पायऱ्यांनी आजींना मागे ठेवले, वर्गणीने धुणीभांडी करणाऱ्या ताईंना ठेवले. तारखेने तर अनेक घरेच्या घरे मागे ठेवली. जानेवारीत आपली ऊसतोड करणारी कुटुंबे कारखान्यांच्या फडावर असतात. त्यांचे बाक आजही रिकामे आहेत. दसरा-दिवाळीनंतर ती निघून जातात, थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परततात, आणि आपले बहुतेक सण-समारंभ नेमके त्या काळात येतात.

मग वाट सपाट करायची म्हणजे काय करायचे? याचे एक चांगले उदाहरण आगगाडीच्या रस्त्यात मिळते. रेल्वे बांधणाऱ्याला यशयाचे वचन अक्षरशः पाळावे लागते, कारण गाडीला चढ झेपत नाही. टेकडी आली की ती कापतात, खोलगट जागा आली की भराव घालतात, वळण असेल तर ते लांबवर ओढून सौम्य करतात. सपाट मुलखात शंभर मीटर अंतराला एक मीटर किंवा त्याहूनही कमी चढ ठेवतात. आपल्या जालन्यावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास असाच भराव घालून, टेकाडे कापून तयार झाला.

अमेरिकेत अनेक जुन्या मार्गांवर गाड्या धावणे बंद झाले तेव्हा लोकांनी रूळ काढून त्याच भरावावर चालण्याच्या आणि सायकलच्या वाटा केल्या. विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा अशी सुमारे ५१ किलोमीटरची वाट १९६० च्या दशकात सुरू झाली. तिच्यावर तीन बोगदे आहेत. आज त्या देशात अशा हजारो किलोमीटर वाटा आहेत. चाकाची खुर्ची चढवायच्या उतरणीला बारास एक याहून जास्त चढ असू नये असा दंडक आहे. रेल्वेचा भराव त्याहून कितीतरी सौम्य. बांधणाऱ्यांनी खुर्चीवरच्या माणसाचा विचार केला नव्हता, केला होता इंजिनाचा. पण जमीन सपाट झाली आणि म्हातारी माणसे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, काठी टेकणारे आंधळे, सगळ्यांना एकाच वाटेने सोबत जाता येऊ लागले. चालता न येणे हा त्या मुलाचा दोष नव्हता. आपण निवडलेल्या वाटेला चढ होता. हा फरक आपण लक्षात घेतला पाहिजे. आपल्या देशाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही हेच मानतो. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणे हे दयेचे नव्हे, कर्तव्याचे काम ठरवले.

परंतु वाट सपाट झाली म्हणून सगळे येतात असे नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना पूर्वी अनेक बागांमध्ये मज्जाव होता किंवा वेगळी जागा होती. शेनांडोआ या राष्ट्रीय उद्यानात लुइस माउंटन ही जागा त्यांच्यासाठी निराळी काढलेली होती. पुढे कायदे बदलले, पाट्या निघाल्या, तरी रानावनात फिरायला जाणाऱ्यांत ते थोडेच दिसत. पाटी काढली तरी आजोबांनी दिलेली ताकीद नातवाच्या पायात राहते. हे ओळखून रू मॅप या बाईंनी २००९ साली 'आउटडोअर ॲफ्रो' सुरू केले. आपल्यातलेच कोणी पुढे होते, आपल्या माणसांना बोलावते, सोबत नेते आणि सोबत परत आणते. एवढे साधे काम. पण बागेचे दार उघडे ठेवल्याने जे झाले नव्हते ते हाताला धरून नेल्याने होऊ लागले.

आपल्या मराठवाड्याला हे समजावून सांगायला नको. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते. चर्चमध्ये आल्यावर तरी सगळे संपले का? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण काढले, ते ख्रिस्तसभेच्या आतही हा रोग आहे हे मान्य करूनच. म्हणून कोणी मागे बसत असेल, सहलीला नाव देत नसेल, तर त्याला आवड नाही असे चटकन म्हणू नये. त्याला पूर्वी कोणी, कुठे, कसे परत पाठवले असेल ते आपल्याला ठाऊक नसते.

आपल्या जिल्ह्यात रूळ काढून केलेली अशी वाट नाही. आपल्याकडे रुळांवर गाड्या धावतात. तिथे चालणे जिवावरचे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे, हे मुलांना बजावून ठेवा. पण रुळावरून चालण्याची पाळी माणसावर का येते, हे आपल्या जालन्याने विसरू नये. २०२० साली टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर गावी जायला निघाले. रस्त्याने गेलो तर अडवतील या भीतीने त्यांनी रुळांची वाट धरली. रात्रभर चालून थकले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. ८ मे रोजी पहाटे मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी-पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिले. त्या दिवसांत आपणही धान्याची पाकिटे वाटत होतो. आपल्याच गावात राहणारी ही माणसे कोण, त्यांच्या घरी कोण वाट पाहते, हे आपण कधी विचारले नव्हते. त्यांच्यासोबत आपण एकदाही चाललो नव्हतो.

हे सारे ऐकून आपल्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "फादर, गरिबांसाठी करायचंच तर रेशन द्या, फी भरा. सहलीचा एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. रेशन द्यायचेच आहे. परंतु देताना एक हात वर असतो आणि एक खाली. शेजारी शेजारी चालताना तसे राहत नाही. शिवाय फुरसत कोणाची, हा जुना वाद आहे. ॲरिस्टॉटलसारख्या थोर तत्त्वज्ञालाही फुरसत ही स्वतंत्र नागरिकाचीच वाटली. गुलामाच्या वाट्याला ती नव्हती. शब्बाथाची आज्ञा मात्र वेगळे सांगते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसावा मालकाला आहे तसाच दासाला, दासीला, परक्याला, अगदी बैलालाही आहे. मोकळ्या हवेत चार तास निवांत घालवणे ही श्रीमंतांची चैन नव्हे. देवाने ते सर्वांना दिले आहे. आपण ते काहींपासून काढून घेतले आहे.

म्हणून पुढची सहल आपण उलट्या टोकापासून ठरवू. आधी जागा आणि मग माणसे असे नाही; आधी माणसे, मग जागा. धर्मग्राम समितीशी बोलून आम्ही पुढील गोष्टी योजल्या आहेत.

सहल पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यात होईल, म्हणजे फडावरची कुटुंबे परतलेली असतील. उन्हाचे दिवस असल्याने सकाळी लवकर निघून ऊन तापण्याआधी परत येऊ. जागा लांबची नको. आपल्या मोती तलावाचा परिसर पाहावा असा विचार आहे. पण आधी दोन तरुण त्या मुलाला सोबत घेऊन वाट पाहून येतील. कुठे खुर्ची अडते, सावली कुठे आहे, बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय काय, हे तो मुलगा सांगेल. त्याने नाही म्हटले तर जागा बदलू. वर्गणी नाही, ज्याला शक्य आहे त्याने नाव न लिहिता पाकिटात टाकावे. कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांनाही बोलावू, ते कोणत्या धर्माचे हे न विचारता. त्यांना सुटी कधी असते तेवढे मात्र आधी विचारू. वेदीवरून सूचना होईल, पण ती आमंत्रण समजू नये. प्रत्येक कुटुंबगटातून दोघे जण घरोघरी जातील आणि नाव घेऊन बोलावतील. आणि चालताना सर्वांत हळू चालणारा पुढे राहील.

संत मार्कच्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघे आठवा. पक्षाघाती मित्राला खाटेवर घालून त्यांनी आणले. दारात गर्दी होती. "घर सर्वांना खुले आहे, याला येता आले नाही त्याला आपण काय करणार," असे म्हणून ते परत गेले नाहीत. त्यांनी छप्पर उघडले. प्रभूने छपराच्या नुकसानीबद्दल एक अक्षर काढले नाही; त्याने त्यांचा विश्वास पाहिला. आपल्या धर्मग्रामाला आज असे चौघे हवे आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे.

त्या दोन आजींना आम्ही भेटून आलो आहोत. या खेपेला डबा सगळ्यांसोबतच उघडायचा, असे त्यांनी आमच्याकडून कबूल करून घेतले आहे.

हे प्रभो, तू येणार आहेस. तुझ्या वाटेतले जे चढ आम्ही घातले ते आम्हाला दाखव आणि ते उतरवायला आमच्या हातांना बळ दे. आमेन.

ख्रिस्तसेवेत,
आपले धर्मगुरू