हौसेचं लाकूड

चाकूचं पार्सल आलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. ते पप्पांनी घेतलं आणि उघडलंही. बाहेर आलो तर ते पात्यावरून आडवा अंगठा हलकेच फिरवत होते. धार अशी बघतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"केवढ्याला?"

"अठराशे," मी म्हणालो. खरी किंमत चोवीसशे होती.

"कशाला?"

"लाकूड कोरायला. छंद म्हणून."

त्यांनी चाकू परत खोक्यात ठेवला. "आबा जन्मभर लाकूडच तासत होते. छंद म्हणून नाही." एवढं बोलून त्यांनी टीव्ही लावला.

आबा म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, सगळ्याची दुरुस्ती त्यांच्याकडे. लाकूड बहुतेक बाभळीचं, म्हणजे चिवट आणि जड. मोबदला सुगीला मिळणार, धान्याच्या रूपात. किती मिळणार हे आबांच्या कामावर कमी आणि पावसावर, शेतकऱ्याच्या मर्जीवर जास्त अवलंबून. पुढे लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आले. वाकस आणि पटाशी भिंतीला टांगून राहिली. पप्पा शिकले, शहरात कारकून झाले. मी इंजिनीअर झालो. आमच्या घरात याला 'वर येणं' म्हणतात.

आणि आता मी, पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत, स्वतःच्या पैशांनी चाकू घेऊन परत लाकडाजवळ बसणार होतो. पप्पांना वाईट का वाटलं, हे मला कळायला वेळ लागला. हा लेख म्हणजे तेवढ्या वेळाचा हिशेब आहे.

आधी कोरण्याबद्दल सांगतो, कारण माझ्यासारखे अजून काहीजण हे करून बघायच्या विचारात असतील. लागतं फार थोडं. चार-पाच सेंटिमीटर पात्याचा, न मिटणारा, हातात नीट बसणारा एक चाकू. एक मऊ लाकूड. आणि चाकू न धरणाऱ्या हातासाठी, म्हणजे लाकूड धरणाऱ्या हातासाठी, एक जाड हातमोजा. मी पहिल्यांदा फर्निचरवाल्याकडून उरलेला तुकडा आणला आणि तासभर झगडलो. तो प्लायवुड होता. प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे कुठूनही कापलं तरी एक थर विरोधातच जातो. मग शिवणीचा तुकडा मिळवला. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे शिवण, पांगारा ही नावं ऐकली होती. हलकी, एकसारखी लाकडं, चाकूचं ऐकणारी.

पहिला धडा लाकडाच्या रेषांचा. रेषांच्या बाजूने गेलात तर साल निघाल्यासारखी पातळ ढलपी निघते. विरुद्ध गेलात तर पातं रुततं आणि लाकूड फाटतं. वळणदार वस्तू करताना चाकू नेहमी उंचावरून खोलाकडे न्यायचा, दोन्ही बाजूंनी, आणि तळाशी थांबायचं. दुसरा धडा धारेचा. बोथट चाकू जास्त धोकादायक, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात सुटला की थांबत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पातं चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, धार मागे ठेवून, ओढून घ्यायचं. तिसरा धडा मी रक्त सांडून शिकलो: पात्याच्या वाटेत स्वतःचं काही ठेवायचं नाही. मांडीसुद्धा नाही.

पहिली वस्तू म्हणून उलथणं घेतलं. तीन शनिवार लागले. दांडा जरा वाकडा झाला, पण आईने ते पोह्यांसाठी वापरलं तेव्हा मला पगारवाढीपेक्षा जास्त आनंद झाला. माझ्या कामात मी आठ महिने लिहिलेलं एक फीचर ग्राहकाने नको म्हटल्यावर एका दुपारी काढून टाकलं गेलं होतं. उलथणं तसं काढून टाकता येत नाही. ते ओट्यावर असतं.

हे सगळं मी एका मित्राला उत्साहाने सांगत होतो. हाताने काम करण्यात काहीतरी खरं आहे, आपण ते हरवून बसलोय, आजोबांच्या पिढीकडे ते होतं, वगैरे. पप्पा शेजारी बसून ऐकत होते. मित्र गेल्यावर म्हणाले, "त्या सुताराचे पाचशे का कापलेस मग?"

मी गप्प झालो. त्याच महिन्यात स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बसवायला एक सुतार आला होता. दोन दिवस काम केलं. त्याने सांगितलेल्या मजुरीतून मी पाचशे रुपये घासाघीस करून कमी केले होते. माझ्या चाकूच्या किमतीत घासाघीस नव्हती. लाकूडकाम मी करतो तेव्हा ते ध्यान असतं, तो करतो तेव्हा तो खर्च असतो. लाकूड तेच, धार तीच.

मग फरक कशात आहे? मी बराच काळ त्याचं उत्तर कामातच शोधत होतो: कोणतं काम सर्जनशील, कोणतं रटाळ. ते उत्तर चुकीचं आहे. नांगराला डोकं लागत नाही असं ज्याला वाटतं त्याने बाभळीत एक खाच नीट बसवून दाखवावी. फरक आहे तो 'नाही' म्हणता येण्यात. मला कंटाळा आला तर मी चाकू ठेवून देतो. आबांना सुगीच्या आधी कंटाळा येऊन चालत नव्हतं. आणि मुळात ते सुतार झाले ते लाकूड आवडतं म्हणून नाही, सुताराच्या घरी जन्मले म्हणून.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तकौशल्याभोवती शिक्षण बांधण्याची कल्पना मांडली. हात आणि डोकं वेगळं करू नये, हा त्यातला विचार मला आजही पटतो, विशेषतः दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १९३६ साली, आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या समर्थकांना दाखवून दिलं होतं की इथे फक्त कामं वाटलेली नाहीत, कामं करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वर-खाली लावलेली आहेत, आणि त्यात आवडीनिवडीला जागाच नाही. पहिला विचार वाचून मी चाकू घेतला. दुसरा पप्पांनी न वाचता जगून घेतला होता. म्हणून मला जे 'मुळांकडे परतणं' वाटत होतं, ते त्यांना निसटून आलेल्या दारावर पोराने पुन्हा टकटक केल्यासारखं वाटत होतं.

मग छंद सोडावा का? एक-दोन आठवडे चाकू खोक्यातच होता. पण सोडून कुणाचं भलं होणार होतं? आबांच्या वाट्याला न आलेली मोकळीक मी नाकारल्याने त्यांना ती मिळत नाही. नाकारायची गोष्ट वेगळी आहे. स्वतःच्या मोकळेपणातून आलेला आनंद 'श्रमाचा आनंद' म्हणून मिरवणं, आणि ज्याला तो मोकळेपणा नाही त्याच्याकडूनही तसल्याच आनंदाची अपेक्षा करत त्याची मजुरी कापणं. हे दोन्ही मी केलं होतं. सुताराला फोन करून पाचशे रुपये पाठवले. तो गोंधळला, मग "ठीक आहे साहेब" म्हणाला. यात मी काही मोठं केलं नाही. उशिरा बिल भरलं.

एका रविवारी पप्पा बाल्कनीत येऊन बसले. मी एक पक्षी करत होतो, शेपटीजवळ लाकूड सारखं फाटत होतं. त्यांनी हात पुढे केला. मी तुकडा दिला. त्यांनी तो उलटा धरला, विरुद्ध टोकाकडून चाकू घेतला, आणि एक लांब ढलपी अखंड निघाली.

"तुम्हाला येतं?"

"भोवरे बघितलेत की करताना." मग बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं. दुपारी जेवण झालं की आबा उरलेल्या ठोकळ्यांतून पोरांसाठी भोवरे करायचे. ते बलुत्यात धरलेलं नव्हतं, कुणी मागितलेलंही नसायचं. आर आपटून बसवायची आणि स्वतः एकदा जाळी गुंडाळून फिरवून बघायचा, मगच पोराच्या हातात द्यायचा. "तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. आई हाक मारायची तरी ओ द्यायचे नाहीत."

म्हणजे आबांनाही छंद होता. मी त्यांच्या नांगराचा वारस नाही, पण भोवऱ्याचा असू शकतो. हे वाक्य मला फार आवडलं. मी पप्पांना म्हटलं, "यावर लिहू का?"

त्यांनी पक्षी परत माझ्या हातात दिला.

"लिही. पण भोवरा अर्धा तास चालायचा. बाकीचा दिवस पण लिही."